आधी वास, मग नाव

प्रिय बुद्धप्रिया,

तुझं पत्र मिळालं. वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. उत्तर लिहायला बसतो अन् उठतो, असं चाललंय. माझ्या खोलीत चालायला लागलं की लगेच भिंत येते. डेकवर गेलो तर कागद उडतो. म्हणून आता कपडे धुण्याच्या खोलीत, गुंडप्पाच्या इस्त्रीच्या टेबलावर लिहून राहिलो. गुंडप्पा आपल्या नायगावचा. तो उद्या बार्सिलोनाला उतरून सुट्टीवर घरी चाललाय. हे पाकीट तोच लातूरला तुझ्या होस्टेलात आणून देईल. तुमच्या तिथं मोबाईल जमा करून घेतात हे ठाऊक आहे, अन् मला सांगायचं ते वॉर्डनबाईच्या फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही. मेल टाकता आला असता, पण या पाकिटात आणखी एक वस्तू आहे, ती मेलमधून जात नाही. पाकीट चाचपू नकोस. आधी पत्र वाच. गुंडप्पा मगापासून डोकं खातोय. म्हणतो, आटप लवकर, इस्त्रीचा टेबल हाय, शाळेचा बाक न्हाई. वर म्हणतो, तुमच्या लातुरात गल्लोगल्ली डॉक्टर तयार करून राहिले, तू एकटाच कसा बाटल्या पुसायला आला रे. मी म्हणलं, सातवीतून उठलेला नमुना कसा होतो, तो तुझ्यापुढं उभा आहे.

तू लिहिलंस, दादा, सोडून दे ना ते काम. मैत्रिणी विचारतात तेव्हा माझा भाऊ जहाजाच्या इंजिनात आहे असं सांगतेस, हेही लिहिलंस. वाचून हसू आलं अन् मग आलं नाही. इंजिनवाल्यांच्या हाताला ग्रीसचा वास येतो, माझ्या हाताला वाइनचा. अप्पाचं म्हणणं तू कळवलंस तसंच त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. दारूचं घर धर नाहीतर माझं धर, दोन्ही उंबऱ्यांवर एकेक पाय ठेवून कुणी उभं राहिलेलं न्हाई. एवढं बोलून फोन सिंधुआत्याकडं दिला. आत्या म्हणाली, अरे ऐक की त्याचं, म्हातारा झालाय. नेमकं याच वेळी आमच्या वाइनच्या साहेबानं मला विचारलंय. तो फ्रान्सचा, पिकल्या मिशांचा, त्याचा भाऊ तिकडं एका जुन्या द्राक्षमळ्यावर वाइनचं तळघर सांभाळतो. म्हणतो, पुढच्या महिन्यात करार संपला की तिकडं चल, पिंपांचं काम शीक, नाक आहे तुला. हो म्हणलं तर बापाचं दार बंद. नाही म्हणलं तर गावी येऊन करायचं काय, हे मला सुचत नाही. साहेबाला उत्तर अजून द्यायचं आहे.

तुला माहीत आहे, मी एका जागी टिकलो नाही. उदगीरला दाळमिलमध्ये, मग हैदराबादला, मग गोव्याला हॉटेलात. आत्या म्हणायची, याच्या पायात भिंगरी हाय. भिंगरी नव्हती गं. भूकंपानंतर मला पक्क्या जमिनीवर धड झोपच लागली नाही. पाठ टेकली की वाटायचं, आता हललं. सगळे सांगायचे, काही नाही, झोप. पण जमीन आधी सांगून हलत नाही ना. जहाजावर पहिल्या रात्री झोपलो तो सकाळीच उठलो. इथं खालचं हलतं हे आधीपासून ठरलेलं असतं. मग भीती कशाची. म्हणून इथं टिकलो. आधी ताटं उचलायचो, मग पेले पुसायला लागलो. एकदा साहेबानं पाहिलं की मी पेला पुसण्याआधी नाकाशी नेतो. ती अप्पाची सवय, माझ्यात कधी आली मला कळलं नाही. त्यानं मला खाली बाटल्यांच्या कोठीत घेतलं. तिथं रोज चव घ्यावी लागते, पण पिऊन नाही. तोंडात फिरवायची अन् भांड्यात थुंकायची. हे साहेबलोकही थुंकतात, मोठमोठे कोटवाले एका रांगेत उभे राहून पिचकाऱ्या मारतात. तुला दाखवायला पाहिजे, आपल्या एसटी स्टँडवरच्या पानवाल्यांनी मान खाली घालावी. मी तेवढ्यावर समाधान मानलं. घशाखाली उतरत नाही तोवर नशा न करायचं पाचवं शील मोडत नाही, असा माझा मीच कायदा केला.

पहिल्यांदा जुनी बाटली उघडली तेव्हा मी केलेली गंमत ऐक. साहेबानं बूच काढलं, काचेची सुरई पुढं घेतली अन् मेणबत्ती पेटवून बाटलीच्या मानेशी आणली. ती पाहिल्याबरोबर मी मागं सरकलो अन् श्वास रोखून धरला. शेजारच्या पोराचीही बाही धरून त्याला मागं ओढलं. साहेब बघतच राहिला. म्हणाला, काय झालं? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, ज्योत विझली नाही, म्हणजे आतली हवा चांगली आहे ना? सगळी कोठी हसली. जुन्या वाइनच्या तळाला गाळ बसतो, तो मानेपर्यंत आला की उजेडात दिसतो अन् ओतणं थांबवता येतं, म्हणून ती मेणबत्ती. आता मला काय ठाऊक. मला दिसलं होतं संगप्पा पाटलाच्या आवारातलं पेव. तू पेव पाहिलं नाहीस, तुझ्या वेळेपर्यंत सगळी बुजली. जमिनीत माणसापेक्षा खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, त्यात ज्वारी भरायची अन् तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपायची. काही वर्षांनी उघडायची. उघडल्याबरोबर आत उतरलं तर माणूस मरतो, आत विषारी हवा साठते. म्हणून तोंड उघडं टाकून पेवाला वारा खाऊ द्यायचा अन् मग दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर कुणी जायचं नाही. जळत राहिला तर अप्पा उतरायचा. ज्वारी पाटलाची, उतरणारा आपला. साहेबाला हे सगळं सांगता सांगता मला घाम फुटला, पण तो हसला नाही. म्हणाला, वाइनलाही वारा खाऊ द्यावा लागतो. तेव्हापासून मेणबत्ती माझ्या हातात देतो.

अप्पाचं नाक आसपासच्या गावांत मशहूर होतं. पेवाची शिळा सरकवली की तो तोंडाशी उकिडवा बसायचा, डोळे मिटायचे. कुणी म्हणालं, केरबा, हे अमक्याचं पेव बरं का, तर हात वर करून गप्प करायचा. आधी वास, मग नाव. नाव कळलं की नाक खोटं बोलतं, असं म्हणायचा. पाटलाचं आहे म्हणून गोड लागतं, गरिबाचं आहे म्हणून कुबट. इथंही तसंच करतात गं. बाटलीला फडकं गुंडाळतात अन् मग चव घ्यायला लावतात. मी साहेबाला म्हणलं, हे माझ्या बापानं शोधलंय. पेवात भिंतीला लागलेली ज्वारी ओल धरून काळपट व्हायची, तिला माती, भिजका कडबा अन् आंबूस असा मिळून एक वास यायचा. ती ज्वारी अप्पाच्या वाट्याला. माय तिचीच भाकरी करायची. चूल पेटवण्याआधी उठून दार लावून घ्यायची, गल्लीत वास जाऊ नये म्हणून. मला वाटायचं दार लावल्याशिवाय भाकरी फुगतच नाही. लाजेचं काय ते मला कळत नव्हतं. त्या बंद दारात, धुरात, तो वास अन् मायच्या हाताची थापथाप. मला तो आवडायचा.

गुंडप्पानं आता एक सदरा करपवला अन् शिव्या मला दिल्या. जरा वर जाऊन आलो. समुद्र काळा आहे, बघण्यासारखं काही नाही.

आता त्या बाटलीचं सांगतो. गेल्या आठवड्यात एक म्हातारं जोडपं जेवायला बसलं. दोघांचंही दुसरं लग्न, उतारवयातलं. त्यांनी लग्नाच्या सालाची वाइन मागितली. साहेबानं खालून बाटली आणायला मला पाठवलं. त्याच्या भावाच्याच मळ्याची, लेबलावर एक साधं लांबट घर अन् दोन झाडं, बाकी नक्षीकाम काही नाही. सालं मी रोज वाचतो, पण हे साल हातात आलं अन् मी लेबल अंगठ्यानं पुसून पुन्हा वाचलं. १९९३. साहेबानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, हे साल पावसानं खाल्लं. सप्टेंबर सरत आलेला, तोडायला माणसं लावलेली अन् पाऊस थांबेना. पुष्कळांची वाइन पाण्यासारखी झाली. या घरानं सडकी द्राक्षं टाकून दिली, थोडीच वाइन केली, पण जी केली ती इमानदारीनं. अशा सालात खानदान कळतं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. मला तो शब्द खटकला. आपण खानदानाचं बोलणं दाराबाहेर उभं राहून ऐकलेली माणसं. पण बुद्धप्रिया, ती वाइन खरंच तशी होती, अन् माझ्याकडं तिच्यासाठी दुसरा शब्द नाही. मी मेणबत्ती धरली, त्यानं ओतली. रंग लालभडक नव्हता. मधे डाळिंबी अन् कडेला विटकरी, पुष्कळदा धुतलेल्या लुगड्याच्या काठासारखा. जोडप्यानं सावकाश घेतली, मधेच एकमेकांकडं पाहिलं, अन् उठताना सुरईत राहिलेली आमच्यासाठी ठेवायला सांगितली. म्हणाले, आमचं साल तुम्हीही चाखा.

कोठीत आम्ही पेले भरले. आधी नाकाशी धरली तर काहीच नाही. साहेब म्हणाला, सबर कर. पेला हळूहळू फिरवत राहिलो. मग आधी वाळलेल्या जांभळाचा वास आला. मागून शिसपेन्सिल तासल्यावर जे लाकूड गळतं त्याचा, मला सातवीचा वर्ग दिसला. मग तंबाखूच्या कोरड्या पानाचा. अन् या सगळ्यांच्या तळाशी, अगदी बारीक, पेव. कुबट नाही, सडकं नाही. शिळा सरकवल्यावर, वारा लागून गेल्यावर, दिवा जळत राहिल्यावर अप्पा ज्याला ‘आता बरं हाय’ म्हणायचा तो. मी तोंडात घेतली. तुरट होती, पण जीभ ओरबाडली नाही. तिच्यात जोर दाखवणं नव्हतं. काही माणसं हळू बोलतात अन् अख्खं घर ऐकतं, तशी. अंगानं बारीक, पण लांबवर पोचणारी. थुंकायचं भांडं माझ्या हातात होतं. साहेब थुंकला, बाकीचे थुंकले. मी गिळली. का, ते मला नीट सांगता येत नाही. मायनं आतून दार उघडल्यासारखं झालं, अन् तोंडातलं बाहेर टाकवेना. साहेबानं विचारलं, काय मिळालं? मी म्हणलं, भाकरी. तो मान हलवून पुढच्या पेल्याकडं वळला. त्याला वाटलं मला भूक लागलीय.

पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. भूकंप झाला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. मायनं तुझं दूध तोडायचं म्हणून तुला जळकोटला सिंधुआत्याकडं ठेवलं होतं, म्हणून तू राहिलीस. मी अन् अप्पा शेतात राखणीला होतो, म्हणून आम्ही राहिलो. पहाटे हललं अन् सकाळी गावाच्या जागी दगडांचे ढीग होते. अप्पा आपल्या घराकडं पळत सुटला, तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, तुझ्या पारूबाईला सडकेवर ट्रकपाशी पाहिलं. त्याच्या जिवात जीव आला. मग लोकांनी त्याला धरलं. केरबा, तुला नाक हाय, कुठं उकरायचं सांग. ज्या संगप्पाच्या आवारात अप्पा चपला हातात घेऊन जायचा, तोच संगप्पा लेकरासारखा रडत त्याला मनगट धरून माजघराच्या ढिगाऱ्यावर घेऊन गेला. अप्पा दगडांवर पालथा पडायचा, फटीला नाक लावायचा अन् बोट दाखवायचा. इथं. तिथं माणूस निघायचं. पाऊस पडत होता. दुसऱ्या दिवशी वास असा सुटला की उकरणारे सगळे पिऊन काम करत होते, त्याशिवाय उभंच राहवत नव्हतं. अप्पालाही पाजली. आयुष्यभर शील पाळलेला माणूस, बाटली तोंडाला लावली तेव्हा मी समोर होतो. संध्याकाळी कळलं की सडकेवरची पारूबाई दुसरीच होती. अप्पा आपल्या घरावर आला, दगडांना नाक लावलं अन् त्याला कसलाच वास आला नाही. गावभर माणसं दाखवणाऱ्या माणसाला स्वतःची बायको सापडेना. त्यानं चुलीपाशी उकरलं. ती दाराशी होती. ज्या दारामागं भाकरी करायची, त्याच दाराशी. डॉक्टर म्हणाला, पहिल्याच हादऱ्यात गेली, आधी उकरलं असतं तरी उपयोग नव्हता. अप्पानं ते ऐकलं नाही. अजून ऐकलेलं नाही.

तेव्हापासून तो म्हणतो, दारूनं माझं नाक मारलं. करपलेली भाजी बिनबोभाट खातो अन् तू हसतेस. विहारात तो पाचवं शील इतरांपेक्षा मोठ्यानं म्हणतो, तेव्हा तुला वाटतं भक्ती आहे. भक्ती आहेच. पण माझ्यावर त्याचा जो राग आहे तो धम्माचा नाही गं, त्या दगडांचा आहे. ज्या गोष्टीनं त्याचं नाक घेतलं, तीच त्याचा मुलगा नाकानं हुंगून पोट भरतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही फोन दुसऱ्याच्या हातात दिला असता. म्हणून हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस. त्यानं तुला हे सांगितलं नाही, तर तुला ठाऊक नाही असंच राहू दे.

आता पाकीट उघड. कागदात अन् वर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं एक बूच आहे. त्या बाटलीचं. एक बाजू काळपट लाल आहे, ती आतली. ज्या साली आपलं गाव पडलं त्या सालची वाइन इतकी वर्षं हेच बूच अडवून बसलं होतं. वास निम्मा उडालेला असेल, पण अप्पाला निम्मा पुरेल, जर नाक असेल तर. रविवारी पुनर्वसनाच्या घरी जाशील तेव्हा सकाळी, त्यानं काही खाण्याआधी, अंगणात त्याच्या शेजारी बस. हे काय, कुठलं, कुणी पाठवलं, एक अक्षर बोलू नकोस. लाल बाजू वर करून त्याच्या हातात ठेव. आधी वास, मग नाव. त्याला काहीच आलं नाही तर दारूनं खरंच घेतलं म्हणायचं, मग मी साहेबाला नाही सांगून परत येतो. बापाचं जे गेलं त्यावर मला भाकरी खायची नाही. अन् त्याच्या तोंडून पेव निघालं, तर मी हो म्हणतो. मग ते काम परकं नाही, त्याचंच आहे, मी फक्त लांब जाऊन करतोय, अन् हे मी घरी येऊन त्याच्या तोंडावर सांगीन, त्यानं दार लावून घेतलं तरी बाहेरून सांगीन. होस्टेलात परतायच्या आधी नेटकॅफेत जाऊन मला लिही. लातूरच्या पोरी परीक्षेत उत्तर झाकतात तसं करू नकोस, जे होईल तेच लिही. अन् तो काहीच म्हणाला नाही, नुसतं नाकाशी धरून बसून राहिला, तर तेही लिही. बूच त्याच्याकडून परत मागू नकोस. तो किती वेळ तसाच बसला, तेवढं मात्र बघ.

इथं अजून जागाच असलेला, तुझाच दादा,
विनोद